मुक्कु

पत्रकं लिहून लिहून मला ठासून बोलायची सवय झालीय. ही एक गोष्ट मात्र आजवर कुणालाच सांगितली नाही — ठासून नाही, कुजबुजतही नाही. तुम्हाला सांगते.

आमच्या संस्थेचं एक पत्रक आहे, लहान मुलांच्या आईवडिलांसाठी. ‘अंघोळ घालताना बोला, भाजी निवडताना बोला, वेणी घालताना बोला. मूल बोलायला शिकतं ते असंच.’ मीच लिहिलंय. शेवटची ओळही माझीच — ‘घरात जी भाषा आहे, तिच्यातच बोला.’ त्या ओळीसाठी मी बैठकीत भांडले होते. किती जोरात!

पत्रकाखाली मी आडनाव लावत नाही. जात कळू नये म्हणून, असं सांगते. खरं कारण? माझं आडनाव वाचलं की सोलापुरात कुणीही ओळखतं — ही पूर्व भागातली, कापडाच्या मागवाल्यांची, तेलुगू घरची. शाळेत माझ्या मराठीला पोरी हसायच्या. मग मी माझी भाषा घरात ठेवून बाहेर पडायला शिकले. आणि पुढं — घरातही बोलेनाशी झाले.

त्या दिवशी मी आणि सुनंदाताई, माझ्या वरिष्ठ, पूर्व भागात पत्रकं वाटत होतो. एका दारात नागमणी तिच्या अडीच वर्षांच्या पोरीला, श्रावणीला, अंघोळ घालत होती. तांब्या ओतायचा, थांबायचं, विचारायचं, ‘मुक्कु एदी?’ नाक कुठंय? पोर नाकावर बोट ठेवून ओरडायची, ‘मुक्कु!’ माझी आई मला अगदी अशीच — पण ते राहू दे.

श्रावणीनं सुनंदाताईंकडे बोट केलं. ‘पेद्द मुक्कु!’

केवढं मोठं नाक! मला फिसकन हसू आलं.

‘काय म्हणाली गं ती?’ सुनंदाताईंनी विचारलं. ‘आणि तुला कसं कळलं?’

नागमणीचा चेहरा उजळला. ‘मीरु मनवाळ्ळेना, अक्का?’ आपल्यातल्याच का तुम्ही?

एवढंच विचारलं तिनं. आणि मी? ‘मला तेलुगू येत नाही,’ म्हणाले. तेवढ्यावर तरी थांबायचं! पण खोटं पक्कं करायचं होतं ना — म्हणून आवाज चढवून सांगितलं, ‘आणि तुम्हीही बंद करा हे. पुढं बालवाडीत घालायचंय ना? मग नाक म्हणा, नाक. पोरीशी मराठीच बोलायचं.’ सुनंदाताई पुढच्या दाराकडे वळल्या. घरच्या भाषेची ती ओळ त्यांची नव्हती, माझी होती. हातातल्या पत्रकावर नेमकी तीच माझ्या अंगठ्याखाली आली होती.

चार महिन्यांनी नागमणीकडे एकटीच गेले. अंघोळच चालली होती. तांब्या, पाणी. तांब्या, पाणी. कुणी बोलत नव्हतं.

‘बोलत का नाही हिच्याशी?’

‘तुमीच सांगितला की, ताई,’ नागमणी म्हणाली. अक्का नाही — ताई. ‘माझा मराठी लई चुकतंय. पोरगी चुकीचा शिकेल. म्हणून गप बसते.’

श्रावणीनं माझ्याकडे पाहिलं. बोट नाकावर ठेवलं. आणि वाट बघत राहिली — तोंड मिटून.

एक शब्द हवा होता. मला येत होता. दारात चौथं कुणी नव्हतं — मग मी घाबरले कुणाला? ‘छान हं,’ म्हणाले आणि बाहेर पडले.

पुढं त्यांनी ती खोली सोडली. कुठं गेल्या, माहीत नाही. माझी आईही आता नाही. त्या भाषेत मला हाक मारणारं कुणी उरलं नाही. तोंड धुताना कधी आरशात मीच मला विचारते, ‘मुक्कु एदी?’ — उच्चार मराठी येतो.

त्या दुसऱ्या भेटीची नोंद संस्थेच्या कपाटात आहे. ‘मूल बोलत नाही. आई मुलीशी बोलत नाही.’ अक्षर माझं. खाली सही माझी, आडनावाशिवाय.