अडुळशाने बरे झाले म्हणे

आमच्या घराला अडुळशाचं कुंपण आहे. शेळी या पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून सासूने लावलं. माझ्या माहेरी, अक्कलकोटकडे, कानडीत याला आडुसोगे म्हणतात. शेजारची तेलुगू बाई अड्डसरम म्हणते. नाव काहीही घ्या, कडू तेवढाच. पानं तव्यावर गरम करून पिळायची, रस मधातून द्यायचा, कफ सुटतो. सुजलेला गुडघाही त्याच पानांनी शेकतात. एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढचं सगळं आमच्या यांच्या डोक्यातलं.

यांचा जन्म टॉवेल विणायच्या मागावर गेला. खोकला होताच, पण त्या दिवाळीनंतर तो थांबेना. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात बेडका तपासून या.

"काढा कर," हे म्हणाले. "कारखान्यात निम्मी माणसं खोकत्यात. समद्यांनी बेडकं तपासायचं का?"

मी महिनाभर काढा केला. चूक माझीच. पाला दारात होता म्हणूनच यांना दवाखाना लांब वाटत होता.

मग रुमालावर रक्त दिसलं.

"पान खाल्लंय," हे म्हणाले.

"पान कधीपासनं खाताय? तुमाला चुना सोसत न्हाय."

"आगं, रगत पडलं तर बी अडुळसाच देत्यात. आई द्यायची."

"तुमची आई मला बी द्यायची. खोकला नसताना."

मी कोयता घेतला आणि कुंपण बुडापासून तोडलं. दुसऱ्या दिवशी शेळ्यांनी मेथीचा वाफा फस्त केला. दुपारी गल्लीतल्या तीन बायका पाल्याचे भारे घेऊन दारात. काढ्याला पाला मिळत नाही, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. सांगणारे ओट्यावरच बसले होते.

"पाला ढीगभर हाय," मी म्हटलं, "पर चूल माझी हाय. बेडका दिल्याबिगर काढा न्हाय. च्या बी न्हाय."

चहाचं ऐकून हे उठले.

टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या. तिसऱ्या महिन्यात अंग भरलं, खोकला गेला, आणि मला गादीखाली गोळ्या सापडल्या. "मी बरा झालोय की. काढ्यानं." दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मध्येच सोडल्या तर रोग उलटतो आणि मग साध्या गोळ्यांना ऐकत नाही. ते मी यांना सांगितलं. पाहुण्याच्या गप्पांना हलवावी तशी यांनी मान हलवली.

तोवर कुंपण बुडातून पुन्हा फुटलं होतं. मग माझ्या एका हातात गोळ्या, दुसऱ्यात काढ्याचा कप. गोळ्या गिळायच्या, जीभ वर करून दाखवायची, तेव्हा काढा. यांचा विश्वास काढ्यावर, माझा गोळ्यांवर. वाद घालायला मला सवड नव्हती.

शेवटच्या तपासणीत काही निघालं नाही. तेव्हापासून हे गल्लीभर सांगतात, अडुळशाने बरा झालो. परवा मोडनिंबहून यांचा मागावरचा जुना सोबती आला, खोकत. काढा दिवसातून किती वेळा घ्यायचा, असं त्याने मला विचारलं.

"आदी बेडका तपासून या, भावजी. हे बी टीबीच्या गोळ्यांनी बरं झाल्यात."

"तिचं मनावर घिऊ नगंस," हे म्हणाले. "तिला झाडपाल्यातलं काय कळतंय."

तो उठला. मग चप्पल घालत त्याने मला दवाखान्याची वाट विचारली. यांच्यावर सोडलं असतं तर यांनी त्याला परत बसवलं असतं, म्हणून मी त्याच्याबरोबर रिक्षापर्यंत गेले.