वहिनीचं बिनमातीचं झाड

माझा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करतो. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे माणसाकडेसुद्धा एक डोळा बारीक करूनच बघतो. बोलणं मोजकं. पण खिडकीतल्या त्या झाडाशी मात्र तासन्‌तास गप्पा! झाड कसलं, मूठभर करड्या पात्यांचा झुबका. ना कुंडी, ना माती. तारेला टांगलेलं, हवेवर जगणारं. वहिनीने हौसेने आणलेलं. ती जाऊन तीन वर्षं झाली आणि दादाचा सगळा जीव त्या झुबक्यात.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस दवाखान्यात राहायची वेळ आली, तर स्वारीला पोटाची नाही, झाडाची काळजी! मला मुद्दाम राहायला बोलावलं आणि समोर बसवून शिकवणी घेतली. आठवड्यातून एकदा अर्धा तास पाण्यात बुडवायचं, उलटं धरून झटकायचं, मग घड्याळातली धूळ उडवायच्या रबरी फुग्याने आतलं पाणी काढायचं.

"मध्ये पाणी साचलं की कुजतं. तिचं आहे ते, जप," म्हणाला.

"अरे, मी दोन पोरं वाढवलीत!" मी म्हटलं.

रविवारी मी अगदी सांगितल्यासारखं केलं. पण आमचं घर पडलं मायाळू! सोमवारी दादाच्या सुनेला पाती सुकल्यासारखी वाटली, तिने बुडवलं. बुधवारी दादाच्या मुलाला दया आली. शुक्रवारी परत सून. फुगा कुणी हातात घेतला नाही आणि कुणी कुणाला काही सांगितलंही नाही. नवव्या दिवशी मी झाड उचललं, तर मधली पाती अलगद हातात आली. काळी, बुळबुळीत. मला रडूच कोसळलं. मग त्या दोघांना असं फैलावर घेतलं की विचारू नका.

शेवटी मुलगा नर्सरीतून हुबेहूब तसंच घेऊन आला. मला हा खोटेपणा मुळीच पटत नव्हता, पण दादाला काय तोंड दाखवणार? टांगलं तारेला.

दादा घरी आला तो चपला न काढता थेट खिडकीपाशी. डोळा बारीक केला. आम्ही मागे उभे.

"छान आहे. कुठल्या नर्सरीतून आणलंत?"

 मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. "वहिनीची तेवढी एक आठवण, तीही घालवली रे आम्ही!"

दादा खुर्चीत बसला आणि टाके सांभाळत हसायलाच लागला. "अगं, तिचं पहिलं झाड दोन महिन्यांत कुजलं. रोज पाणी घालायची, ऐकायची नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून मी गुपचूप दुसरं आणून टांगलं. मग तिसरं. तुम्ही कुजवलंत ते चौथं."

"आणि वहिनीला कधी कळलंच नाही?"

दादाचं हसू थांबलं.

"मलाही तसंच वाटायचं. पण चौथं टांगलं त्या दिवशी संध्याकाळी मला म्हणाली, 'आता याला पाणी तुम्हीच घालत जा. तुम्हाला फार हेलपाटे पडतात.'"