चिखलीमार्गे परदेश

चिखली-चाकणच्या पलीकडे फारसं पाऊल न टाकता पाकिस्तानला जाऊन आलेला माझ्या माहितीतला एकच माणूस, आणि त्याला तिकडे पाठवणाराही एकच. तो मी. त्यासाठी मला आगबोट लागली नाही की परवाना लागला नाही. शाळेची दौत आणि टाक पुरले.

तेव्हा मी चिंचवडच्या शाळेत मास्तर होतो आणि आमचे पिंजारी चाचा शाळेमागच्या आळीत राहायचे. कापूस पिंजायचं ते पुरुषभर उंचीचं धनुष्य खांद्यावर टाकून निघाले, की त्याच्या ताणलेल्या दोरीला, तातीला, मुद्दाम एक टिचकी मारत. गावाला वर्दी पोचे. चाचांना माणसांपेक्षा गाद्यांची ओळख अधिक. अमक्याचा मुलगा म्हणून सांगितलं तर त्यांच्या काही ध्यानात येत नसे. ज्यांच्या गादीत डोक्याकडं गाठी होतात त्यांचा, असं म्हटलं की लगेच चेहरा उजळे. पिंपरीच्या छावणीत सिंधमधून आलेल्या माणसांच्या रजया भरायला गेले, की मजुरीचं राहिलं बाजूला, आधी विचारत, "कराचीला थंडी किती पडती वो?" त्यांचा धाकटा भाऊ तिकडे गेला होता आणि जाताना नेलेली रजई पातळ होती. एकदा माझी गादी उसवताना तिच्यात मी बायकोपासून दडवलेल्या माझ्या कविता निघाल्या. बायको समोरच उभी. चाचांनी कागद फडक्यात बांधून माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "कापूस चांगला हाय गुरुजी. कचरा तेवढा लई निघाला." माझ्या काव्यावर इतकी नेमकी टीका पुढे कुणाला जमली नाही.

पण त्यांचा खरा नाद कुलपाचा. गावात दाराला नुसती कडी लावली तरी शेजारी रुसत. चाचा मात्र आडावर जातानाही नारळाएवढं पितळी कुलूप ठोकत. आत चोरण्यासारखं काही नव्हतं. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, "चोरासाठी न्हाई, गुरुजी. ह्या घराला मालक हाय, येवढं दिसावं म्हणून." दिवाळी झाली की ते कुलूप चांगलं दोन महिने लागे. चाचा-चाची थंडीच्या रजया भरत चिखली, तळेगाव, चाकण असे फिरत. हे पोराटोरांना ठाऊक होतं. मलाही होतं.

देश नवा होता, मतदारयादीही नवी व्हायची होती, आणि घरोघर फिरण्याचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. मी लोकशाहीवरचे जाडजूड ग्रंथ वाचलेला माणूस. दुसऱ्या कुणाला हे नीट जमेल असं मला वाटत नव्हतं. सकाळी सातवीला नागरिकाचे हक्क शिकवले आणि दुपारी चाचांच्या दाराशी पोचलो. कुलूप. समोरच्या पारावरून एक जण म्हणाला, "भाऊ गेला न्हवं कराचीला? ह्येबी गेलं असत्याल." माझी चहाची वेळ झाली होती. जुन्या यादीच्या कागदावर चाचांच्या नावापुढे मी वळणदार अक्षरात शेरा लिहिला, 'पाकिस्तानात गेले.' त्या रात्री मला गाढ झोप लागली. रजई चाचांनीच भरलेली होती.

ते परत आले, चावडीवर यादी पाहिली, नाव नव्हतं. चौकशी केल्यावर तलाठ्याने शेरा दाखवला. तिथून ते थेट माझ्याकडे आले.

"गुरुजी, अर्ज लिहायचा हाय. मी पाकिस्तानात गेलो न्हाई म्हणून."

"कुणी लिहिलं असं?" मी विचारलं. इतका भित्रा प्रश्न मी आयुष्यात दुसरा विचारला नसेन.

चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अक्षर लई देखणं हाय. वाचलं तवा मलाबी वाटलं, गेलोच असंन."

मी अर्ज लिहिला. त्याच देखण्या अक्षरात.

सुनावणीला चाचा लग्नातली शेरवानी घालून आले. कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "परत कधी आलात?"

"कुठनं, सायेब?"

"पाकिस्तानातून."

"मी चिखलीला गेलो व्हतो. मधी सरहद्द न्हाई लागत."

"पुरावा?"

"तेवीस रजया हायेत तिथं. उसवून बघा. माझा हात हाय त्यात."

कारकून हसला नाही. आज पुरावा नसेल तर नाव यादीबाहेरच राहील, म्हणाला. चाचांनी शेरवानीची गुंडी सोडून पुन्हा लावली. मग मी उभा राहिलो आणि सांगितलं, की शेरा माझा आहे आणि मी शेजारचं दारसुद्धा ठोठावलं नव्हतं. "मास्तर ना तुम्ही?" एवढंच कारकून म्हणाला आणि नाव लिहून घेतलं.

तेव्हापासून चाचा गाव सोडताना शाळेच्या खिडकीशी येत आणि भर वर्गात सांगत, "गुरुजी, चाकणला चाललोय. गुरुवारी येतो. पाकिस्तानला न्हाई." पोरं खिदळत. मीही हसे. पण पुढे ते दवाखान्यात जातानाही सांगू लागले, लेकीच्या बाळंतपणाला जातानाही, आणि मला हसू येईना. ही नुसती थट्टा आहे, असं स्वतःला पटवणं अवघड जाऊ लागलं.

काही वर्षांनी यादी पुन्हा तपासायला मीच निघालो. दाराला तेच पितळी कुलूप. त्या खेपेला ते सांगायला आले नव्हते. सुट्टी असल्याने खिडकी बंद होती. मी ओट्यावर बसलो. चहाची वेळ आली, गेली. माझ्याही दाराला आजवर कितीदा कुलूप लागलं होतं, आणि मी कुठे गेलो हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. इतकी वर्षं मी याला माझी प्रतिष्ठा समजत होतो.

दिवेलागणीला दोघं आली. चाचा थकले होते; धनुष्य आता चाचींच्या खांद्यावर होतं. मला बघून ते थबकले.

"लिवलं का?"

"नाही. वाट बघत होतो."

त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार माझ्यासाठी सताड ढकललं.

"मंग लिवा. आलोय."