थंडीत तगणारी साळ बघायला किनवटला

वन्संचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या कॉलेजात जीवशास्त्राचा तास घेऊन नुकतीच बाहेर पडत होते. "वैनी, लई थंडी पडली. दोन दिवसांत रोपांचा निकाल लागतोय. या." रजेचा अर्ज खरडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या एसटीत जाऊन बसले.

बायकांना एसटीत अर्धं तिकीट, पण खिडकीची जागा भांडूनच मिळवावी लागते. नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी धरायची. हिमायतनगर मागं पडलं की सागाचं जंगल जवळ येतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "माहूरला का, देवीला?"

"नाही, भाताची रोपं बघायला."

त्यांनी मला जरा वेळ निरखलं आणि एक पेरू दिला.

वन्सं म्हणजे माझी नणंद सिंधुताई. किनवटपासून ऑटोनं अर्ध्या तासावर त्यांचं गाव. तिथं उन्हाळी भात घेतात, पण त्याची रोपं ऐन थंडीत टाकावी लागतात आणि वन्संचा वासाचा तांदूळ थंडीत पिवळा पडून मरतो. डोंगरावरच्या वाडीतली लाल साळ थंडीत हिरवीगार राहते, पण तिचा भात चिवट. एका दिवाळीत मी सहज म्हणाले, दोन्हींचा संकर करून बघा. वन्संनी ते मनावर घेतलं. भुवया कोरायच्या चिमट्यानं एकेका फुलातले सहा पुंकेसर काढायचे, त्यावर दुसऱ्या साळीचे पराग झटकायचे, आणि त्यातून वाढवलेलं बी थंडीत पेरून बघायचं. असे दोन प्रयत्न थंडीनं खाल्ले. हा तिसरा. हाही गेला तर दाजी, म्हणजे वन्संचे यजमान, त्या वावरात हळद लावणार होते.

सकाळी ऊन यायच्या आत आम्ही वाफ्यावर गेलो. पाण्यात बोटं घातली तर कळ मनगटापर्यंत गेली. वाफा जवळजवळ सगळा पिवळा. वन्सं चिखलात गुडघ्यावर बसल्या.

"वैनी, चष्मा लावा. हे हिरवं हाय, का मलाच तसं दिसून राहिलं?"

मी ओणवी झाले. हिरवंच होतं, आणि मधून नवं पान सुईसारखं वर येत होतं. मग पुढचं सापडलं, मग त्याच्या पलीकडचं. अकरा मोजली आणि आम्ही दोघी, पन्नाशीच्या बाया, चिखलात बसून हसत सुटलो. थांबताच येईना.

तेवढ्यात दाजी आले. उकिडवे बसले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. मग कोपऱ्याकडं बोट करून म्हणाले, "हे बारावं कोण मोजंल?" उठून गेले ते काटेरी बोराट्या आणायला, कोंबड्यांपासून वाफ्याला कुंपण करायचं म्हणून. हळदीचा विषय कुणी काढला नाही. घरी गेल्यावर गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी, तीही हसण्याच्या नादात करपलेली, मला कुठल्याही हॉटेलातल्या जेवणाहून गोड लागली.

जायचं असेल तर स्वेटर न्या आणि किनवटहून पुढचा ऑटो अंधाराच्या आत धरा.

घरी येऊन दोन दिवस झाले. तांदळात वास उतरलाय का, हे पीक निघून भात शिजेपर्यंत कळणार नाही. तरी मी वर्गात ही गोष्ट सांगितली. दरवर्षी मुलं संकर पाठ करतात, पण तो करून पाहिलेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि ती बाई सातवीनंतर शाळेत गेलेली नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्यांना इथं बोलवता येईल?"

मी वन्संना फोन लावला.

"हाव, येते की," त्या म्हणाल्या. "पर आधी लावणी होऊ द्या."