डब्याच्या सुट्टीतला अभ्यास

नोकरी सांभाळून परीक्षा दिलेली माणसं एकत्र बसली, की अभ्यासातलं कुणाला काही आठवत नाही. आठवतात ते किस्से! परवा आम्ही चौघं बऱ्याच दिवसांनी एका टेबलाशी बसलो, हसून हसून पोटं दुखली, आणि मी म्हटलं, "हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे." तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी म्हणजे मी, हे तेव्हाच ठरलं.

तर आधी ऑफिस. सुरतेतल्या साडीच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारी आमची छोटी कंपनी, आणि आम्ही चौघं सपोर्टला. म्हणजे दिवसभर फोन उचलायचे आणि दुसऱ्यांनी केलेल्या चुकांबद्दल आपण बोलणी खायची. नरेशभाई वयाने सगळ्यात मोठे. मिताली नुकतीच लग्न होऊन कामरेजला राहायला गेलेली. प्रशांत गोडादऱ्याचा, घरी अहिराणी, बाहेर गुजराती आणि डोकं आमच्या तिघांच्या बेरजेपेक्षा जास्त. आणि मी, मुलगी झाल्यावर नोकरी सोडलेली आणि ती शाळेत जायला लागल्यावर परत आलेली. परत येणाऱ्या बाईला फोनच मिळतो.

एके दिवशी साहेबांनी जाहीर केलं, की टेस्टिंगची नवी टीम होणार. सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी टीम. आपल्यातल्या माणसांना आधी संधी. फक्त टेस्टिंगचं सर्टिफिकेट हवं.

"सर, क्लास लावणार का आपण?" मितालीने विचारलं.

"अभ्यास आपापला," साहेब म्हणाले. "आणि ऑफिसच्या वेळात नाही!"

झालं! डब्याची सुट्टी हा आमचा क्लास आणि प्रशांत आमचा मास्तर.

*

पहिल्याच आठवड्यात प्रशांतने तीन शब्द घोटून घेतले. माणूस करतो ती एरर. तिच्यामुळे प्रोग्राममध्ये बसतो तो डिफेक्ट. आणि गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष जे बिघडलेलं दिसतं, ते फेल्युअर. शब्द नीट वापरायचे, उगाच सगळ्याला "प्रॉब्लेम" म्हणायचं नाही!

मिताली सुट्टी संपवून जागेवर गेली, तोच एका साडीवाल्या शेठचा फोन. बिल छापलं जात नव्हतं. मितालीने सगळं ऐकून घेतलं आणि अभ्यासाच्या भरात म्हणाली, "शेठ, तुमचं फेल्युअर आहे. आता मी तुमच्यातला डिफेक्ट शोधते."

पलीकडून शेठ असे कडाडले, की आम्हाला आमच्या खुर्च्यांवर ऐकू आलं.

"बेन, माझ्या आजोबांपासून दुकान आहे! माझे सासरेसुद्धा मला असं कधी तोंडावर बोलले नाहीत!"

*

मितालीचा खरा अभ्यास व्हायचा सकाळी, पोळ्या लाटताना. सासूबाई शेजारी भाजी चिरत असत. नवी सून, त्यामुळे दोघी एकमेकींशी फार जपून बोलायच्या. मितालीने परीक्षेचं घरी सांगितलंही नव्हतं. नापास झालो तर काय, ही भीती!

त्या दिवसांत ती दोन शब्दांत अडकली होती. सिव्हेरिटी म्हणजे चूक किती गंभीर आहे ते, आणि प्रायॉरिटी म्हणजे ती किती तातडीने दुरुस्त करायची ते. समजा, दुकानाच्या नावातच एक अक्षर चुकलं. काम काही अडत नाही, पण सगळ्या गावाला दिसतं. तर सिव्हेरिटी लो, प्रायॉरिटी हाय. मिताली पोळी लाटता लाटता पुटपुटायची, "हाय... लो... लो... हाय..."

चार-पाच दिवस हे ऐकून सासूबाईंनी एका सकाळी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि लिंबू-मिठाचं पाणी पुढे केलं. "बेटा, बीपीचं लग्नाआधी का नाही सांगितलं? आम्ही काय नाही म्हणालो असतो?"

मितालीला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिने सगळं सांगून टाकलं. परीक्षा, टीम, हाय आणि लो. सासूबाईंनी मन लावून ऐकलं. मग परत भाजी चिरायला बसल्या.

दोन दिवसांनी मितालीचा नवरा जेवायला बसला. पहिला घास घेऊन म्हणाला, "दाळीत मीठ नाही."

सासूबाई सुनेकडे वळल्या. "बोल!"

"सिव्हेरिटी लो, मम्मी," मिताली घाबरत म्हणाली.

"बरोबर," म्हणत सासूबाईंनी मिठाची बरणी उचलली. "पण हा भुकेला आहे, तेव्हा प्रायॉरिटी हाय!"

त्या दिवसापासून सकाळच्या पोळ्या सासूबाईंनी आपल्याकडे घेतल्या. मितालीने ओट्याशेजारी बसून फक्त वाचायचं. मोठ्याने!

*

माझ्या घरी मास्तरीण होती माझी मुलगी, इयत्ता पाचवी. आई परीक्षेला बसणार हे कळल्यावर तिने शाळेतला सगळा कायदा माझ्यावर लावला. अभ्यासाला बसल्यावर मोबाइल नाही. मध्येच उठून कुकर बघायला जायचं नाही, ते पप्पा बघतील. (पप्पांनी बघितला. दोनदा खिचडी करपली.) आणि रोज शेवटी तोंडी परीक्षा! प्रश्न ती इंग्रजी पानावरून अडखळत वाचायची; उत्तर बरोबर की चूक, हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखायची.

एकदा मी कंटाळून म्हटलं, "राहू दे गं. या वयात कशाला हवंय मला?"

तिने पुस्तक मिटलं. "बरं. मग मलाही गणित नको."

मी मुकाट्याने पुस्तक उघडलं.

पुढे शाळेत पालकांची मीटिंग होती. बाई म्हणाल्या, "हल्ली वर्गात हिचं लक्ष छान असतं. घरी अभ्यास कोण घेतं?"

मी तोंड उघडायच्या आत उत्तर आलं, "मीच घेते, टीचर. आईचा!"

*

नरेशभाईंना साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर सहज विचारलं होतं, "तुम्ही कशाला त्रास घेता? काही वर्षांनी तर घरीच बसायचंय."

नरेशभाई हसून म्हणाले, "साहेब, घरी बसेपर्यंत फोनच उचलायचे का?"

सगळ्यांच्या आधी परीक्षेला बसले तेच. आणि नापास झाले. थोडक्यात राहिले, पण राहिले.

निकाल आम्हाला आदल्या संध्याकाळीच कळला होता. सकाळी ऑफिसात त्यांच्याशी काय बोलायचं, या विचाराने मिताली तर पाणी प्यायच्या निमित्ताने तीनदा उठली. एवढ्यात दार ढकलून नरेशभाई आले. हातात मोठं पार्सल. लोचो! हरभऱ्याच्या डाळीचा, वाफेवरचा, वर शेव, कांदा, तेल, सगळं अगदी सुरती थाटात.

आम्ही बघतच राहिलो. मराठीत गोंधळ झाला की लोचा झाला म्हणतो, सुरतेत तेच नाव खायच्या पदार्थाचंही आहे. नरेशभाईंनी पार्सल टेबलावर ठेवलं आणि जाहीर केलं, "लोचो मार्यो, एटले लोचो लाव्यो!" म्हणजे, लोचा केला म्हणून लोचो आणला!

काय हसलो आम्ही! साहेबही केबिनमधून बाहेर आले. सगळ्यांच्या हातात डिश गेल्यावर नरेशभाई प्रशांतच्या शेजारी बसले. त्याच्या वयाचा मुलगा होता त्यांना. हळूच म्हणाले, "चल मास्तर, आता मी कुठे चुकलो ते दाखव."

नरेशभाई पुन्हा परीक्षेला बसले, तोवर मिताली आणि मी पास झालो होतो. त्यांच्या परीक्षेच्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर त्यांच्या मिसेसचा फोन आला. आवाज घाबरलेला. "बेन, यांना काही विचारवत नाही. आल्यापासून हिंचक्यावर बसलेत आणि नुसते डोळे पुसतायत. जाऊ द्या ना ती परीक्षा! सांगा ना त्यांना."

"त्यांना फोन द्या," मी म्हटलं.

फोनवर आधी नुसता हिंचक्याचा, म्हणजे झोपाळ्याचा, करकर आवाज. मग नरेशभाई म्हणाले, "पास छूं, पास झालो. एक मिनिट थांब, हिला अजून सांगायचंय."

*

राहिला आमचा मास्तर. आम्हाला शिकवण्यात प्रशांतचीच परीक्षा मागे पडली होती, आणि टीमची नावं द्यायची मुदत जवळ आली. परीक्षा केंद्रावर जागा शिल्लक नव्हती. मग त्याने घरून परीक्षा द्यायची ठरवली. लॅपटॉपचा कॅमेरा आणि माइक चालू ठेवायचा, आणि कुठेतरी बसलेला परीक्षक आपल्याला सबंध वेळ बघत, ऐकत असतो. नियम कडक. खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद आणि आवाज अजिबात नको.

गोडादऱ्यात दोन खोल्यांचं घर. प्रशांतने सगळी तयारी केली. आईला आणि बहिणीला मावशीकडे पाठवलं. शेजारच्यांना टीव्ही बंद ठेवायला सांगितलं. त्याच्या वडिलांची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, त्यामुळे ते दिवसा घरी होते. ते स्वतःहून दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. कुणाला आत येऊ द्यायचं नाही!

परीक्षा सुरू झाली आणि थोड्याच वेळात लॅपटॉपमधून इंग्रजीत आवाज आला, "तुमच्याकडे तो आवाज कसला आहे?"

"कसला आवाज, सर?" प्रशांतने विचारलं. अगदी खरं विचारलं!

"सारखा खडखडाट येतोय."

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं होतं, कापड विणायचा कारखाना. वडील तिथेच कामाला. प्रशांत जन्मला तेव्हापासून तो खडखडाट चालूच होता, त्यामुळे त्याला आवाज म्हणतात हेच घरातले सगळे विसरून गेले होते.

"सर, शेजारी लूम आहेत," तो म्हणाला. "ते बंद होत नसतात."

"हे असंच चालू राहिलं, तर मला परीक्षा थांबवावी लागेल."

"सर, प्लीज," प्रशांत म्हणाला, दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

समोरचा प्रश्न त्याने पुन्हा पुन्हा वाचला. एक अक्षर डोक्यात शिरेना. आता थांबवतील, मग थांबवतील, एवढंच.

आणि खडखडाट थांबला. एकदम नाही, एकेक लूम थांबत गेला, आणि मग काहीच उरलं नाही. घरात एवढी शांतता त्याने कधी ऐकलीच नव्हती. वर पत्र्यावर कबुतर चालल्याचं ऐकू आलं! त्याने एक श्वास घेतला आणि प्रश्न पहिल्यापासून वाचला.

परीक्षा संपली. स्क्रीनवर 'पास' आलं. त्याने धावत जाऊन दार उघडलं.

वडील पायरीवरच होते. आणि गल्लीत खात्यातली सगळी माणसं उभी होती, केसांत कापसाचे तंतू अडकलेली, एकमेकांशी चकार शब्द न बोलता. बाजूला खात्याचा शेठ, हाताची घडी घालून.

"पास झालो," प्रशांत म्हणाला. "पण बाबा, लूम कसे बंद पडले?"

"लाईट गयथी," वडील अहिराणीत म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

"हाँ भैया, लाइट गई थी," खात्यातला एकजण म्हणाला.

"लाइट गयेली," शेठनेही मान हलवली, आणि हातानेच सगळ्यांना आत पिटाळलं.

प्रशांतने वळून घरात पाहिलं. पंखा फिरत होता.