मोटारीच्या जाळीवरचा हार

आमच्या घरात लग्नाची गाडी सजवायला लागले की मी पहिली जाऊन गाडीसमोर उभी राहते. टपावर काय लावायचं ते लावा, दारांना लावा, पण समोरच्या जाळीवर एक फूल दिसलं तरी माझं डोकं फिरतं. नातवंडं हसतात. "आजी, आताच्या गाड्या न्हाई तापत तशा." नसतील तापत. मी तापते ना!

माझं लग्न नामांतराच्या दिवसांतलं. आज बंद, उद्या मोर्चा, एस.टी. निघाली तर निघाली. त्यातच बाबा परभणीच्या दवाखान्यात पडलेले, माय त्यांच्या उशाशी. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण बाबांनी मुहूर्त सोडला नाही. "मी गेलो तर पोरीचं लग्न लांबणीवर पडंल," म्हणाले. "अक्षता पडू द्या, अन् मग तशीच तिला हिकडं आणा. शालूत बघायचंय मला." बस, एवढंच. जन्मात कुणापाशी काही मागितलं नव्हतं त्या माणसानं.

आमचं गाव पोखर्णीच्या पल्याड. मामा परभणीत एका वकिलाची मोटार चालवायचा, तीच त्यानं एका दिवसापुरती मागून आणली. एकुलती एक भाची म्हटल्यावर हौसेला काय तोटा! पहाटेच उठून त्यानं झेंडूचा हा जाडजूड हार ओवला आणि मोटारीच्या जाळीवर आडवा-उभा असा गच्च बांधला की आतली एक पट्टी दिसेना. वर आंब्याचे डहाळे खोवले. सगळ्या गावानं वाहवा केली. मीही केली.

अक्षता पडल्या, पंगत बसायची होती, तेवढ्यात दवाखान्यातून माणूस फटफटीवर आला. मामाच्या कानाला लागला. मामानं हातातलं ताट तसंच खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "चल बाई, ऊठ. दम लागलाय त्यायला."

मोटारीत मामा, त्याच्या शेजारी आमचे हे, मागं मी आणि ह्यांची आत्या. वैशाखाचं ऊन, वारा नावाला नाही. मामानं मोटार अशी पळवली की खड्ड्यागणिक डोकं टपाला लागायचं. मी मनात पोखर्णीच्या नरसिंहाला म्हणत होते, देवा, एवढं पोचू दे, मग काय न्यायचं ते ने.

पोखर्णी मागं पडली आणि मामाचं लक्ष रस्त्यावरून इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याकडं जायला लागलं. काटा लाल खुणेला टेकला होता. मग बोनेटच्या फटीतून वाफ निघाली. मामानं मोटार लिंबाच्या सावलीला घेतली. इंजिन बंद केलं नाही. पंखा फिरू दे म्हणाला. बोनेट उघडलं आणि तिथंच कपाळावर हात मारला. "हात् तुझ्या! मीच नाक दाबलं की हिचं. वाराच न्हाई आत. हार काढावा लागतोय."

"हाराला हात लावायचा न्हाई," आत्याबाई आतूनच म्हणाल्या. "आमच्यात वरात दारी लागल्याबिगर गाडीचा हार उतरवत न्हाईत. उतरवला की संसार उतरतो."

"आत्याबाई, इंजिन जाईल."

"पाणी घाला. थांबू जराशी."

नवरी मी. नव्या नवरीनं बोलायचं नसतं. ह्यांच्याकडं पाहिलं, तर हे आपले बुटाकडं बघायलेत! मामाही मुलीकडचा, त्यानं मान खाली घातली. वाफ जरा बसल्यावर फडकं धरून पाण्याच्या टाकीचं झाकण सैल केलं, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी सोडलं. एकदम गार पाणी ओतलं तर लोखंड तडकतं, म्हणाला. काटा खाली आला. पण कितीसा? मामा आता पाय जपून ठेवायचा, काटा चढला की सोडायचा, उतरला की दाबायचा. बोनेट अर्धवट उघडं, खडखड वाजायचं. माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

परभणी दिसायला लागली आणि पुन्हा वाफ. मोटार थांबली तशी मी दार उघडून खाली उतरले. कुणाला विचारलं नाही. मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि दोन्ही हातांनी तो हार ओढला. बोटं भाजली. "उतरू दे संसार!" मी ओरडले. "माझा बाप चाललाय तिकडं!" आत्याबाईंनी मातीत पडलेला हार उचलला, झटकला आणि मांडीवर घेऊन बसल्या. मोटार थोडी निवल्यावर निघालो, तर वारा आत शिरला, काटा झरझर खाली आला. एवढ्याशा गोष्टीसाठी!

दवाखान्याच्या पायरीवर माय बसली होती. माझ्याकडं नखशिखांत बघितलं तिनं, आणि पदर तोंडात कोंबला. "आत्ताच गं बाई. दाराकडं बघत बघत, आत्ताच."

मी आत गेले. शालूत गेले. बघायला कुणी नव्हतं.

मागून आत्याबाई आल्या, तोच हार हातात घेऊन. माझ्या डोक्यात असा जाळ उठला की तो हिसकावून त्यांच्याच तोंडावर मारावा. पण त्या रडत होत्या. दुसरं फूल कुठून आणणार होतो आम्ही त्या भर दुपारी? त्यांनी तो बाबांच्या छातीवर ठेवला. "इवाई, माझ्यापायी उशीर झाला," म्हणाल्या. पाया पडल्या.

मी हार नीट करायला गेले. इंजिनाची ऊब अजून फुलांत होती. मग मी बाबांचा हात हातात घेतला, तर तोही अजून गरम होता.