आवळून बसलेल्या बायका

मंगळवार, दुपारचे तीन. नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला शहनाज खालांचा शिवणक्लास आहे, त्याच्या वरची खोली. जमिनीवर सतरंज्या, दाराला आतून कडी.

या खोलीत किस्से फार साठतात, कारण इथे ते औषधासारखे लागतात. खोकलं, शिंकलं, हसलं की ज्यांना लघवीचे थेंब जातात, अशा बायकांचा हा व्यायामाचा वर्ग. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणांनी आणि डोक्यावरच्या ओझ्यांनी सैल पडतात. ते आवळायचे आणि सोडायचे. फरक पडला का हे बघायला फिजिओथेरपीच्या रेवती मॅडम शेवटी सगळ्यांना हसवतात. खोकला खोटा काढता येतो, हसू काढता येत नाही. म्हणून प्रत्येकीनं येताना एक किस्सा आणायचा.

मी तिथे बातमीसाठी गेले होते. शहनाज खालांनी पहिलाच किस्सा सांगितला, मी हसले, आणि मॅडमनी न विचारता माझ्यासाठी सतरंजी टाकली.

*

बातमी पाठवली. संध्याकाळी संपादकांचा फोन.

"ताई, तेवढा 'लघवी' शब्द काढा. आपला पेपर घरात वाचला जातो."

"घरातल्यांनाच होते ती," मी म्हटलं.

"तरीपण. सभ्यता असते काही."

त्या दिवशीचा अंक माझ्यासमोरच होता. पहिल्या पानावर, खाली, पुरुषी ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात. त्यात दोन पायांवर उभा राहिलेला घोडा.

म्हटलं, "तुम्ही घोडा काढा, मी लघवी काढते."

बातमी शब्दासकट छापून आली. घोडाही राहिला.

*

वर्गातल्या दुर्गाबाई जवळच्याच खेड्यातल्या. वांगी, मेथी लावतात आणि टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात येतात. टोपलं उचललं की थेंब जायचे. तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला, "पिशवी काढून टाका." म्हणजे गर्भाशय. घरी ठरलंसुद्धा, सोयाबीन निघालं की ऑपरेशन. सासूबाईंचं म्हणणं, "थोरलीची काढली तं काय झालं तिले? धाकटीचीबी काढा." थोरली म्हणजे मंदाबाई, दुर्गाबाईंची जाऊ. त्याही वर्गाला येतात.

मॅडमनी दुर्गाबाईंना आधी अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी नीट तपासलं. पिशवी ठणठणीत होती. स्नायू सैल होते. मॅडम म्हणाल्या, "सोयाबीन निघेपर्यंतचा वेळ मला द्या."

दुर्गाबाई म्हणाल्या, "घेऊन टाका. पण मले पिशवी नाई द्यायची कोणाले."

*

मॅडम पुण्याच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "लिफ्ट वर जाते तसं स्नायू वर ओढा." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मॅडमनीच विहिरीची बादली काढली. बादली वर ओढायची, आणि सोडताना धप्पकन सोडायची नाही, दोर हळूहळू सोडायचा. हे सगळ्यांना कळलं.

पुढची अडचण श्वासाची. आवळलं की बायका श्वासही कोंडून धरायच्या. मॅडम म्हणाल्या, "श्वास अडवू नका. आवळून ठेवा आणि बोलत राहा."

आमच्याकडच्या बायकांना असा व्यायाम आजवर कुणी सांगितला नव्हता. मंदाबाईंनी सुनेचा विषय घेतला. सून माहेराहून आली, चकल्या बिघडल्या, भाऊ घ्यायला आला. मॅडम घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "मंदाबाई, पुरे. सोडा आता."

"थांब माय. दिवाळीचं राह्यलं अजून."

*

या व्यायामाची गंमत म्हणजे तो बाहेरून दिसत नाही. दुर्गाबाईंच्या गावात ग्रामसभा होती. वर्गाला येणाऱ्या तिथल्या बायका पुढच्या रांगेत बसल्या. पाठी ताठ, नजर थेट सरपंचांवर, तोंडातून शब्द नाही.

सरपंच चुळबुळले. पाणी प्यायले. मग आपणहून म्हणाले, "हे पाहा, हातपंपाजवळच्या दिव्याचं माह्या ध्यानात आहे." तरी कुणी हलेना. "अन् नालीचंबी करून टाकू." ठराव तिथेच मंजूर झाला.

मी बातमीसाठी विचारायला गेले, की हे मूक आंदोलन कुणी ठरवलं?

"कायचं आंदोलन बाई?" दुर्गाबाई म्हणाल्या. "आमी तं आवळून बसलो होतो."

*

घरात मात्र दुर्गाबाईंचे मालक गजाननराव वैतागलेले. बायको बाजेवर पडून छताकडे बघते आणि म्हणते, व्यायाम करून राह्यली.

"झोपून कुठं व्यायाम होते काय वं?"

"तुमी बसून राजकारण करता नाई का? मी झोपून व्यायाम करते."

गजाननराव उठले आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आले. सोयाबीन निघालं होतं.

*

तारखेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा. पिशवी काढा म्हणणाऱ्या त्याच डॉक्टरांचा दवाखाना. बाकांवर फायली मांडीवर घेतलेल्या बायका. दुर्गाबाई, गजाननराव, मंदाबाई, खाला आणि मी.

दुर्गाबाईंनी सांगितलं, "मले आता त्रास नाई. ऑपरेशन नाई करायचं."

डॉक्टर केबिनच्या दारातच उभे होते. हसून म्हणाले, "तात्पुरतं असतं ते. पिशवी काढल्याशिवाय ही तक्रार जात नसते."

दुर्गाबाईंनी खालांकडे पाहिलं. खाला म्हणाल्या, "आजा."

दोघींनी हात गुंफले आणि भर दवाखान्यात फुगडी धरली. खालांचा बुरखा गरगरला, दुर्गाबाईंचा पदर सुटला, बाकांवरच्या बायकांनी पाय वर घेतले. कंपाउंडर "अहो, अहो" करत बाजूला झाला. थांबल्यावर दुर्गाबाई दोनदा मोठ्यानं खोकल्या, आणि मग इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. बाकांवरच्या बायका त्यांच्या पायांकडे बघत होत्या. फरशी कोरडी होती. साडीही कोरडी होती.

गजाननराव म्हणाले, "चाल घरी."

डॉक्टर म्हणाले, "हा दवाखाना आहे, तमाशा करू नका."

तेव्हा मंदाबाई पुढे झाल्या. वर्गात दिवाळी पुरी केल्याशिवाय न थांबणाऱ्या मंदाबाई, आणि आवाज अगदी खाली.

"डॉक्टरसायेब, माही पिशवी तुमीच काढली. हेच दुखणं सांगतलं होतं मी. पिशवी गेली, पण थेंब काई थांबले नाईत. लाजेनं कोणाले बोलली नाई. मंग मले सांगा, माह्या पिशवीनं काय केलं होतं?"

डॉक्टरांनी टेबलाशी जाऊन बेल वाजवली. कंपाउंडरनं पुढचं नाव पुकारलं.

नाव होतं दाराजवळच्या बाईचं. तिनं फाईल पोटाशी धरली आणि जागची हलली नाही.

"आधी तिले सांगा," ती म्हणाली. "मंग माहा नंबर."